दोन डिस्क, एक कॅबिनेट

दिवाळी उरकून तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं दोन हंगाम एकदम अंगावर येतात, एक उसाचा आणि एक लग्नांचा. बारामतीहून इंदापूरला निघालं की भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी करत जाईपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आणि वऱ्हाडाच्या गाड्या यांच्यामधून वाट काढावी लागते. कॉम्प्युटर असेंबल करायचे आणि दुरुस्त करायचे हा माझा धंदा या दोन्ही हंगामांवर चालतो. वजनकाट्यावरचा डेस्कटॉप, ऊस वाहतूकदारांचे हिशेब ठेवणारं ऑफिस, कर सल्लागार, फोटो स्टुडिओ, झेरॉक्स-डीटीपीवाले, हे माझं गिऱ्हाईक. यातला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी एकच प्रश्न घेऊन येतो. मशीनमध्ये दोन डिस्क टाकून रेड करून घेऊ का? रेड म्हणजे दोन किंवा जास्त डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरणं.

पूर्वी हा प्रश्न सर्व्हर घेणाऱ्या बँका-पतसंस्थांपुरता होता. आता साध्या मदरबोर्डाच्या खोक्यावरही रेडचं नाव छापलेलं असतं आणि बायोसमध्ये एक ऑप्शन बदलला की ते चालू होतं. मग फुकट मिळतंय तर घेऊन टाकू, असा सूर असतो. 'हो' म्हणणं माझ्या सोयीचं आहे, एका डिस्कच्या जागी दोन विकल्या जातात. तरी बहुतेकांना मी नको म्हणतो. एका माणसाला मात्र मीच मागं लागून बसवून दिलं, त्याचं पुढं सांगतो.

रेडची कल्पना निघाली ती मोठ्या मशीनसाठी. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. तेव्हा मोठ्या कॉम्प्युटरला अवाढव्य आणि महागडी डिस्क लागायची. यांचं म्हणणं असं की पीसीसाठी निघालेल्या छोट्या, स्वस्त डिस्क ढिगानं एकत्र जोडा, वेग जास्त मिळेल आणि पैसे कमी लागतील. अडचणही त्यांनीच सांगून ठेवली होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून काही जादा डिस्क ठेवायच्या, त्यांच्यावर जादा माहिती लिहायची, म्हणजे एक गेली तरी काम अडत नाही. पीसीची डिस्क मोठ्या मशीनमध्ये नेताना घ्यावी लागलेली ही काळजी आम्ही आता परत पीसीत आणून बसवतोय, याची मला नेहमी गंमत वाटते.

प्रकार बरेच आहेत, डेस्कटॉपवाल्याला तीन माहीत असले तरी पुरे. रेड शून्यमध्ये फाइलचे तुकडे करून दोन डिस्कवर आलटूनपालटून लिहितात. जागा दोन्हींची मिळून, वेग जवळपास दुप्पट, आणि एक डिस्क मेली की सगळंच गेलं. रेड एकमध्ये जे एका डिस्कवर तेच दुसरीवर, आरशात दिसावं तसं. रेड पाचला किमान तीन डिस्क लागतात. त्यातली एका डिस्कएवढी जागा पडताळ्यासाठी खर्ची पडते आणि त्या पडताळ्यावरून मेलेल्या डिस्कवरचा माल पुन्हा मांडता येतो. पाचाचं नाव मी डेस्कटॉपसाठी काढतच नाही. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात कंपन्याच छापतात की साडेबारा टीबीच्या आसपास वाचन झालं की एखादी जागा न वाचली जाण्याची शक्यता धरून चाला. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा त्याहून बऱ्या निघतात. पण चार टीबीच्या तीन डिस्कमधली एक गेली तर उरलेले आठ टीबी पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाचावे लागतात, तेही तेवढंच वय झालेल्या डिस्कवरून. तो जुगार दुसऱ्याच्या फोटोंवर मी खेळत नाही.

शून्याचा अनुभव इंदापूरच्या एका स्टुडिओत आला. बाप-लेक मिळून धंदा बघतात. अण्णांनी रोलच्या कॅमेऱ्यापासून सुरुवात केलेली, पोरगा ड्रोन उडवतो. लग्नं हे त्यांचं पोट, पण अण्णांचा जीव पालखीत. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पुढं जाते, वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होतं. त्या रिंगणाचे वर्षानुवर्षांचे फोटो अण्णांकडं आहेत. भिगवण-कुंभारगावचे फ्लेमिंगो आहेत. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हटलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, त्याचेही आहेत. एडिटिंगचं मशीन त्यांनी बाहेरून करून आणलं होतं. फोर-केचं फुटेज एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अडकत होतं म्हणून कुणीतरी दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क शून्यात जोडून दिल्या होत्या. ऐन वैशाखात, तिथीवर तिथी असताना, मशीन उघडेना.

डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवल्या आणि एकेकीला सप्लाय दिला. पहिली गुपचूप फिरायला लागली. दुसरीचा आधी फिरण्याचा आवाज आला, मग टक्, थोडं थांबून टक्, पुन्हा टक्, आणि मोटर बंद. हा आवाज आला की आतलं हेड गेलं असं समजायचं, आणि पुन्हा पुन्हा सप्लाय देऊन बघायचा मोह आवरायचा. अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी चांगल्या डिस्ककडं बोट करून विचारलं, "म्हणजे निम्मे फोटो तर मिळतील ना?"

"निम्मे फोटो नाहीत अण्णा, प्रत्येक फोटोचं निम्मं आहे."

त्यांना पटेना, म्हणून लॅपटॉपला लावून दाखवलं. आठ-दहा एमबीचा फोटो, त्याचे चौसष्ट किंवा एकशे अठ्ठावीस केबीचे तुकडे, एक या डिस्कवर तर पुढचा त्या डिस्कवर. एका तुकड्याएवढ्या बारीक फाइल तेवढ्या शाबूत निघाल्या. त्यात अल्बमच्या बिलांच्या नोंदी होत्या आणि कॅमेऱ्यानं स्वतः केलेली चिमुकली थंबनेल होती. नवरा-नवरी ओळखू येत होती, छापण्यासारखं काही नव्हतं. शेवटी दोन्ही डिस्क पुण्याला रिकव्हरीवाल्यांकडं गेल्या. बरंचसं परत आलं, आणि बिल आलं ते नव्या मशीनच्या तोडीचं.

आता शून्याला कारणही उरलेलं नाही. फिरती डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, दोन जोडल्या तर फार तर चारशे. साधी साटाची एसएसडी एकटीच पाचशेच्या पुढं जाते आणि बोर्डावर आडवी बसणारी एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढं. चालू कामाला एक एनव्हीएमई टाकली की विषय मिटतो. खरा घोळ रेड एकचा आहे, कारण ते ऐकताक्षणी पटतं. अण्णांच्या पोरानंही तेच काढलं. "काका, मग रेड एक करू. एक मेली तरी दुसरी आहेच की."

मी त्याला वहीचा कागद दिला आणि म्हटलं, आजवर तुमचे फोटो कशाकशानं गेले ते लिही. अण्णाच सांगत गेले. हाताखालच्या पोरानं कार्ड खाली न करताच फॉरमॅट मारलं. जागा करताना जुनं समजून दुसरंच फोल्डर उडवलं. क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं आणि सकाळी सगळ्या फाइलींच्या नावापुढं चार अक्षरांचं शेपूट लागलेलं, शेजारी डॉलरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. एका हार्ड डिस्कवर चहा सांडला. एक पाहुण्याला गाणी भरायला दिली, ती आलीच नाही. डिस्क आपणहून मेली असं त्या यादीत एकदाच होतं, ते हेच.

त्या कागदापुढं रेड एक ठेवून बघितलं तर काय होतं? फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. व्हायरसनं फाइल कुलूपबंद केली तर दोन्हींवर होते. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं जगभर मशीन अडवली तेव्हा आरसा लावलेल्या डिस्क असणारेही त्याच रांगेत होते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच एसएमपीएसवर, एकाच टेबलाखाली. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत नदीकाठच्या घरांत, दुकानांत पाणी शिरलं. तसल्या पाण्यात सापडलेल्या कॅबिनेटमध्ये एक डिस्क होती का चार, यानं काय फरक पडतो?

डिस्क आपणहून मरतच नाहीत असं मी म्हणत नाही. हजारो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपले आकडे २०१३ पासून जाहीर करते. त्यांच्याकडं वर्षाला शंभरातल्या एक-दोन जातात. त्या एसी हॉलमधल्या. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, रस्त्यावरची धूळ, आणि लाईट गेली की येताना झटका देऊनच येते. ब्लोअर मारायला कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर बोटभर थर निघतो. इथं डिस्कचं मरण जास्तच असणार.

पण लाईटचा मुद्दा रेडच्या विरुद्धही जातो, हे सहसा कुणी सांगत नाही. आरसा चालू असताना मशीन धाडकन बंद पडलं तर एका डिस्कवर लिहून झालेलं असतं आणि दुसरीवर राहिलेलं असू शकतं. मग चालू झाल्यावर दोन्ही डिस्क पूर्ण ताडून घ्याव्या लागतात. चार टीबीची डिस्क, सेकंदाला दीडशे एमबी धरली तरी सात-साडेसात तास लागतात, आणि तेवढा वेळ मशीन रांगतं. तोवर पुन्हा लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून, निदान बोर्डावरच्या फुकट रेडमध्ये तरी. म्हणून यूपीएस नसेल तिथं मी रेडवर बोलतच नाही. आधी यूपीएस घ्या, अर्थिंग तपासा, आणि उरलेल्या पैशांचं मग बघू.

बारामतीत भिगवण रोडच्या एका डीटीपीवाल्याची गंमत सांगण्यासारखी आहे. त्याच्या मशीनमध्ये बोर्डाचंच रेड एक होतं. दिवाळीत दुकान चार दिवस बंद, मेन स्विच खाली. उघडून मशीन लावलं तर निळा स्क्रीन, पुन्हा लावलं तर पुन्हा तोच. दोन्ही डिस्क एकदम गेल्या म्हणून तो हवालदिल. शेजारच्या कुणी तरी 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून घ्या' असा सल्लाही देऊन ठेवला होता आणि पेनड्राइव्ह मशीनला लागलेला होता. मी आधी बायोस उघडला. वर तारीख बघितली तर कैक वर्षं मागची. बोर्डावरचा सेल, तो नाण्यासारखा सीआर २०३२, संपला होता. सेल संपला, चार दिवस सप्लाय नाही, त्यामुळं बायोस आपली सगळी सेटिंग विसरून मूळपदावर गेला आणि साटाचा मोड रेडवरून परत नेहमीच्या एएचसीआयवर आला. डिस्क दोन्ही ठणठणीत होत्या. सेल बदलला, मोड रेडवर केला, तारीख घातली, मशीन चालू. त्यानं पेनड्राइव्हवरून फॉरमॅट मारला असता तर दोन डिस्क असून लग्नपत्रिकांचं दहा वर्षांचं काम स्वतःच्या हातानं पुसलं असतं. एकच डिस्क असती आणि बोर्ड नेहमीच्या मोडवर असता तर सेल संपल्यावर फक्त घड्याळ चुकलं असतं.

दुसरा प्रकार याहून वाईट, कारण तो आवाज करत नाही. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात विवरणपत्रांच्या मुदतीच्या, ३१ जुलैच्या, आधीच्या गर्दीत मशीन बंद पडलं. सर म्हणाले, "आमच्याकडं रेड आहे, चिंता नाही." उघडून बघितलं तर एक डिस्क आत्ता मेलेली, आणि दुसरीवरचा शेवटचा टॅली डेटा जवळजवळ वर्षापूर्वीचा. म्हणजे दुसरी वर्षापूर्वीच जोडीतून बाहेर पडली होती. उजव्या कोपऱ्यात पिवळं चिन्ह येत होतं, ऑफिसातली मुलगी ते अँटिव्हायरसच्या मुदतीचं समजून रोज बंद करत होती. तिचं काय चुकलं? त्या कोपऱ्यात रोज दहा चिन्हं उगवतात आणि सगळी काही ना काही विकत असतात. रेड असल्याच्या भरवशावर बाहेरचा बॅकअप मात्र सरांनी कधीच बंद केला होता. जीएसटी पोर्टलवर भरलेले आकडे होते म्हणून त्यांनी पुन्हा उभं केलं, रात्री जागून.

तेव्हापासून रेडचा प्रश्न आला की मी 'तुमचा डेटा किती मोलाचा' असं विचारत नाही. सगळे खूप मोलाचाच म्हणतात. मी विचारतो, मशीन एक दिवस बंद राहिलं तर काय होईल? स्टुडिओवाले म्हणतात, काही नाही, अल्बम दोन दिवसांनी देऊ. सर म्हणतात, जुलै सोडला तर चालेल. 'एक तासही चालणार नाही' असं म्हणणारा मला एकच भेटला, इंदापूरच्या बाजूचा खासगी वजनकाट्याचा मालक. त्यालाच मी मागं लागून रेड बसवून दिलं.

काट्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. भरलेली गाडी काट्यावर येते, इंडिकेटरवरचं वजन सिरियल केबलनं कॉम्प्युटरवर येतं, गाडीनंबर टाकायचा, सेव्ह. गाडी माल उतरवून रिकामी परत येते तेव्हा दुसरं वजन, मग दोन्हींची वजाबाकी होऊन डॉट मॅट्रिक्सवर पावती. ऊस असेल, मका असेल, चारा, भंगार, मुरूम, काहीही. हंगामात रात्री दोन वाजता बघावं तर पंधरा-वीस गाड्यांचं भरलेलं वजन मशीनमध्ये आणि रिकामं यायचं बाकी. त्याच वेळी डिस्क गेली तर त्या सगळ्या गाड्यांचा हिशेब हवेत. ड्रायव्हर एक आकडा सांगणार, माल घेणारा दुसरा, आणि मधे एकटा ऑपरेटर, ज्याला मशीनचं बटण सोडून काही ठाऊक नाही. या डेटाचं आयुष्य दोन-चार तासांचं, पावती फाटली की त्याला कुणी विचारत नाही. पण तेवढे तास तो जाता कामा नये. अण्णांच्या रिंगणाच्या फोटोचं बरोबर उलटं. तो आठवडाभर नाही दिसला तरी कुणाचं अडत नाही, आणि वीस वर्षांनी मात्र दिसलाच पाहिजे.

काट्यावर बोर्डाचं फुकट रेड मी घेतलं नाही. स्वतंत्र रेड कार्ड टाकलं, म्हणजे बोर्डावरचा सेल संपला तरी कार्ड आपलं सेटिंग विसरत नाही. तसलंच दुसरं कार्ड मालकाच्या कपाटात ठेवायला लावलं, कारण कार्ड गेलं आणि तोच प्रकार बाजारात मिळेना झाला तर डिस्क चांगल्या असूनही पंचाईत. दोन छोट्या एसएसडी, मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकाच खोक्यातल्या, पाठोपाठच्या नंबरच्या दोन डिस्क घेतल्या तर त्या एकाच दिवशी बनलेल्या, एकाच वेळी चालू झालेल्या आणि तेवढंच लिहिलेल्या असतात. त्या जोडीनं गेल्या तर नवल नाही. इंडिकेटर आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर. आणि कार्ड घेताना अडून बसलो ते बझरसाठी. एका हंगामात पहाटे तो वाजायला लागला. ऑपरेटरचा फोन, "दादा, कॉम्प्युटर शिट्टी मारतोय, पण वजनं चाललीत." मी त्याला म्हटलं, चालू दे, कशाला हात लावू नको. दिवस उजाडल्यावर गेलो, गेलेली एसएसडी बदलली, कार्डानं नवीवर सगळं उतरवून घेतलं. त्या वेळात काट्यावरची रांग थांबली नाही.

इंदापूरच्या स्टुडिओला शेवटी रेड दिलं नाही. त्याऐवजी एक एनव्हीएमई, एक मोठी साधी डिस्क आणि बाहेरून लावायच्या दोन डिस्क बसवल्या. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं फोटोवाल्यांसाठी एक ठोकताळा घालून दिलाय, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची साधनं, एक प्रत दुसऱ्या जागी. ते दुसऱ्या जागेचं आमच्या भागात फार सोपं असतं. दुकान इंदापुरात, घर निमगाव केतकीला. बाहेरच्या दोन डिस्कपैकी एक आठवडाभर घरच्या कपाटात, दुसरी दुकानात, सोमवारी अदलाबदल. कॉपी झाल्याबरोबर वायर काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही, हे मी अण्णांकडून वदवून घेतलं. लावलेली डिस्क व्हायरसला मशीनचाच भाग वाटते.

गेल्या पावसाळ्यात पोरगा दुकानावर आला. आता धंदा वाढलाय, दोघं-तिघं एकदम एडिट करतात, तर दोन डिस्कचं नास, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, घेऊन त्यात रेड एक करू का? आता त्याच्या बोलण्यात वजन होतं. तिघं एकाच डिस्कवर काम करणार, ती मेली तर तिघं बसून राहणार. मी म्हटलं, करू, पण आधी दोन वर्षांपूर्वीच्या बेलवाडीच्या रिंगणाचं फोल्डर घरच्या डिस्कवरून उघडून दाखव. तो तसाच गाडीवर निमगावला गेला, डिस्क घेऊन आला, माझ्याच मशीनला लावली. फोल्डर उघडलं, धावता अश्व आला, मागचे टाळकरी आले. दोन फाइल उघडत नव्हत्या, त्या दुकानातल्या डिस्कवर आहेत का बघायला त्यानं अण्णांना फोन लावला. होत्या. मग आम्ही नासच्या किमतीवर आलो.